तालुक्याला चौथी

वाशीम जिल्ह्यात शालेय मैदानी स्पर्धा आणि सोयाबीनची सोंगणी बहुधा मागेपुढेच येतात. ऐन घाईत एखादा बाप दिवस मोडून मुलीला मैदानावर आणतो. चौदा वर्षांखालच्या गटात, चुन्याने आखलेल्या पट्ट्यातून ती 400 मीटर जीव तोडून पळते आणि चौथी येते. पुढे जिल्हा, अमरावती विभाग, मग राज्य. हिची वाट तालुक्यालाच संपते. आता तिला पळू द्यायचं, की अभ्यासाला बसवायचं?

त्या चौथ्या क्रमांकावरून एवढ्यात काही ठरवू नये. शालेय गटाचं वय 31 डिसेंबरला मोजतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेली आणि डिसेंबरात जन्मलेली मुलगी एकाच शर्यतीत उतरते. दोघींत जवळपास वर्षाचं अंतर. (गावाकडे कित्येकांच्या दाखल्यावर 1 जूनच असतो, ती गोष्ट निराळी.) त्यात मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्या, पण कुणाची दोन वर्षं आधी, कुणाची उशिरा. लवकर वाढलेलं पोर या वयात सहज पुढे दिसतं. लहान वयात चमकलेले आणि मोठेपणी जग जिंकलेले खेळाडू बहुतांशी वेगवेगळे असतात, असं संशोधनातूनही दिसून आलं आहे.

दत्तू भोकनळचंच पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे दुष्काळी गाव. तिथे तो वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. 2012 मध्ये सैन्यात भरती झाला आणि रोइंगच्या नावेत पहिल्यांदा बसला तो तिथेच. पाण्याची भीती होती, पण बांधा उंचापुरा होता. चारच वर्षांत, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, एकेरी रोइंगमध्ये तो तेरावा आला. शाळेत असताना त्याच्यातला हा गुण कुणाला दिसणार होता? गावात नाव चालवायला पाणीच नव्हतं.

म्हणून पाठिंबा द्यावा, कर्ज काढू नये. बाराव्या वर्षी पोराला एकाच खेळाला जुंपून पुण्याच्या अकादमीची फी भरणं हा जुगार आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलांनी एकाच खेळात अडकू नये. कबड्डी, खो-खो, लांब उडी, सगळं खेळू द्यावं. ‘तू ऑलिंपिकला जाशील’ असंही सांगू नये. त्यापेक्षा मोबाइलवर वेळ लावून वहीत लिहावी: मागच्या दिवाळीला 400 मीटरला किती सेकंद लागले, यंदा किती. पोरगी न उठवता पहाटे उठते का, हेही बघावं. उठत असेल तर तिला थांबवायचं कारण नाही.

आणि पदक नाहीच आलं तर? सरकारी नोकऱ्यांतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण ठरावीक पातळीच्या कामगिरीलाच मिळतं. निव्वळ त्या आरक्षणाच्या प्रमाणपत्रासाठी पोराला पळवणारे पालक त्याची खेळाची गोडी घालवतात. पण पोलीस भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. मुलींना त्यातले 20 गुण 800 मीटरला, बाकीचे 100 मीटर आणि गोळाफेकीला. तालुक्याला चौथी आलेली मुलगी तिथे पुष्कळांच्या पुढे असू शकते. शिकवायची हौस असेल तर अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. 1914 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. तिथल्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाची पदवी घेता येते.