जुनं पुस्तक, नवं पायथॉन

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक पायथॉन शिकायला बसली. पायथॉन म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा. पुस्तक चुलतभावाचं, जुनं. त्यात होतं तसं तिनं ‘प्रिंट’ लिहून पुढं अवतरणात आपलं नाव टाकलं. कॉम्प्युटर चूक दाखवायला लागला. चार दिवस तेच. शेवटी पोरगी म्हणाली, “आई, मला नाही जमायचं हे.”

आम्ही पुस्तक उघडून पाहिलं. ते पायथॉन 2 चं होतं आणि कॉम्प्युटरवर होतं पायथॉन 3. नव्यात प्रिंटपुढचा मजकूर कंसात लिहावा लागतो. एवढ्यासाठी पोरगी शिकणं सोडणार होती!

नवं शिलाई मशीन आणलं आणि जुनी बॉबिन त्यात बसली, तर आपलं काम अडत नाही. कॉम्प्युटरच्या भाषाही बहुधा असंच जुनं चालवून घेतात. पायथॉन 3 डिसेंबर 2008 मध्ये आलं, तेव्हा मात्र करणाऱ्यांनी काही जुन्या गोष्टी मुद्दाम मोडल्या. त्याला कारण होतं. जुन्यात ‘आई’ या शब्दाची लांबी मोजली तर साधारणपणे 6 यायची, कारण ते अक्षरं न मोजता साठवणीचे तुकडे मोजायचं. नव्यात 2 येते. आपल्या मराठीला हे सोयीचंच झालं. जुनं वापरणाऱ्यांना बरीच वर्षं मुदत दिली होती. 1 जानेवारी 2020 पासून पायथॉन 2 ची देखभाल थांबली.

कंसाची चूक निदान दिसते तरी. आम्हाला भीती वाटते ती न दिसणाऱ्या बदलाची. समजा, 1000 रुपये व्याज 12 जणींत वाटायचं आहे. जुन्यात 1000 भागिले 12 केलं की उत्तर 83, पैसे गायब! बाराही जणींचे मिळून 996 होतात, मग 4 रुपये कुणाचे? नव्यात तेच लिहिलं की 83.33 आणि पुढं तिनाची रांग. पूर्ण आकडाच हवा असेल तर भागाकाराची तिरकी रेघ दोनदा द्यायची. दोन्हीकडं चूक दाखवत नाही, उत्तर तेवढं बदलतं.

म्हणून पुस्तक घेताना, क्लासची फी भरताना आधी विचारा, पायथॉन कितवं? आज शिकायचं ते 3.

लेकीनं कंस घातला, नाव उमटलं. आता गटाचा व्याजाचा हिशेब ती त्यात मांडतेय. दर बैठकीत आम्ही तो वहीशी ताडून बघतो.