घन आम्ल : ते कसे घडवले, हा खरा प्रश्न

अंबरनाथ-बदलापूरच्या रसायन कारखान्यांत राबणाऱ्याला गंधकाम्लाची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. हातावरचे डाग ती करून देतात. एस्टर बनवताना ते उत्प्रेरक म्हणून घालतात. ते क्रियेला वेग देते, पण स्वतः खर्च होत नाही. मग काम संपल्यावर सोडा घालून त्याचा आम्लपणा मारावा लागतो. हे खारे सांडपाणी शुद्ध न करता सोडले, तर ते वालधुनीच्या वाट्याला येते.

आम्ल घन असेल तर गाळून पुन्हा वापरता येते. १९९२ साली अमेरिकेतील मोबिल कंपनीच्या संशोधकांनी एमसीएम-४१ ही सच्छिद्र सिलिका जाहीर केली. १९९८ साली सँटा बार्बरा येथे अधिक जाड भिंतींची एसबीए-१५ तयार झाली. साबणासारख्या रेणूंचे पुंजके साचा होतात, त्यांभोवती सिलिका घट्ट होते, आणि साचा काढला की काही नॅनोमीटर रुंदीची रंध्रे उरतात. एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो.

या सिलिकेवर आम्ल बसवण्याच्या तीन रीती आहेत. उल्हासनगरच्या रंगाऱ्याला त्या चटकन समजतील. पहिली, सूत रंगवून मग विणण्याची : आम्लगट सिलिकेबरोबरच घडवायचे. ते सर्वत्र सारखे पसरतात. मात्र प्रमाण वाढवले की रंध्रांची रचना विस्कटते आणि काही गट भिंतीत गाडले जातात. शिवाय साचा भट्टीत जाळता येत नाही, कारण गटही जळतील. तो अल्कोहोलने धुवून काढावा लागतो. दुसरी, विणलेले कापड रंगवण्याची : तयार रंध्रांत गट रासायनिक बंधाने जोडायचे. रचना टिकते, पण गट रंध्राच्या तोंडाशीच दाटी करतात. तिसरी, कच्च्या रंगाची : फॉस्फोटंग्स्टिक आम्लाच्या द्रावणात सिलिका भिजवून वाळवायची. ही रीत सर्वांत सोपी. पण हे आम्ल पाण्यात व अल्कोहोलमध्ये विरघळते आणि सुटून येते.

येथे कामगाराचा संबंध येतो. ‘आता अ‍ॅसिड नाही’ म्हणून हातमोजे काढून घेतले, आणि आम्ल मात्र द्रवात उतरले, तर काय? परीक्षा साधी आहे : क्रिया चालू असताना गरम द्रव गाळावा, घन काढून टाकावा. उरलेल्या द्रवात क्रिया त्याच वेगाने चालूच राहिली, तर आम्ल सुटले आहे असे समजावे. या परीक्षेचा निकाल पाहण्याचा हक्क संघटनेने मागावा, आणि तो हाती येईपर्यंत हातमोजे सोडू नयेत.