शार्ङ्गधन्व्याचे धनुष्य

विष्णुसहस्रनामाच्या अखेरीस शंख, चक्र, गदा यांच्या संगतीत 'शार्ङ्गधन्वा' हे नाम येते. घरोघर नित्यपाठात ओठ ते सवयीने उच्चारतात व पुढे सरकतात. विजयादशमीच्या निमित्ताने वाचकांनी या नामापाशी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. शृंग म्हणजे शिंग. शिंगाचे जे ते शार्ङ्ग. भगवंताच्या आयुधाचे नावच ते कशाचे घडले हे सांगते. वाशीमपलीकडे मेहकरास जो शारंगधर उभा आहे, त्याचे नाव याच शब्दाचे बोलीतील रूप होय. कौटिल्याने अर्थशास्त्रात धनुष्यांचे प्रकार सांगताना ताड, वेळू व लाकूड यांच्या जोडीस शार्ङ्गही घेतले आहे. म्हणजे ही केवळ पुराणातील कल्पना नव्हे. राजाच्या आयुधागारातील मोजदादीची वस्तू होती.

परंतु असे धनुष्य नुसत्या शिंगाचे नसते. मध्ये लाकडाचा पातळ गाभा असतो. धनुर्धराच्या बाजूस म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या बसवितात. त्या उष्णतेने मऊ करून सरळ कराव्या लागतात, आणि सरस धरावा म्हणून त्यांवर बारीक खाचा पाडतात. लक्ष्याकडील बाजूस जनावराच्या वाळलेल्या कंडरा कुटून, त्यांचे तंतू विंचरून, सरसात भिजवून थरावर थर देतात. यात मोठी युक्ती आहे. धनुष्य ओढले म्हणजे आतले अंग दाबले जाते व बाहेरचे ताणले जाते. दाब सोसण्यात शिंग निष्णात, ताण सोसण्यात कंडरा निष्णात. प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे काम दिले, म्हणून आखूड धनुष्यातही मोठे बळ येते आणि ते रथावर वा घोड्यावर सोयीचे पडते. थर सावकाश वाळावे लागतात. त्यास महिने जातात, उत्तम कारागीर वर्षभरही थांबतो.

वाळताना कंडरा आकसतात आणि धनुष्य उलट्या दिशेस वाकते. दोरी चढविणे म्हणजे त्या उलट्या वाकाला सुलट्या दिशेस आणणे. स्वयंवराच्या कथांत 'धनुष्य सज्ज करणे' हीच पहिली परीक्षा का, हे येथे उमगते. द्रौपदीस्वयंवरात राजे धनुष्याच्या उसळीने भुईवर फेकले गेले असे व्यासांनी वर्णिले आहे. नेम धरण्याची पाळी त्यांच्यावर आलीच नाही. यवनांच्या होमर कवीचा ओडिसियसही घरी परतल्यावर आधी धनुष्य फिरवून पाहतो, की आपल्या गैरहजेरीत शिंगाला कीड तर लागली नाही!

या धनुष्याचा मोठा वैरी म्हणजे ओल. पावसाळी हवेत कीर्तनास उभे राहिले की मृदंगाचे पूड कसे उतरते, मृदंगी बुवांना किती वेळा ठोकून स्वर लावावा लागतो, हे श्रोत्यांनी पाहिले आहे. चामड्याची जी गत, तीच कंडरेची व सरसाची. पुढील काळात आपल्याकडे पोलादी धनुष्येही घडू लागली. ती या ओलीस दाद देत नसत. आता विराटपर्व उघडावे. अज्ञातवासास निघताना पांडवांनी आपापल्या धनुष्यांच्या दोऱ्या उतरविल्या, आणि नकुलाने शमीवर चढून जेथे पाऊस शिरणार नाही अशा जागी ती घट्ट बांधली. गांडीव शिंगाचे होते, असे आमचे म्हणणे नाही. परंतु दोरी उतरविणे आणि पावसापासून जपणे, हे दोन्ही तपशील धनुष्य हाताळणाऱ्या माणसाचेच आहेत. पाऊस ओसरल्यावर शस्त्रे बाहेर काढून पुजावयाची, या दसऱ्याच्या प्रथेतही आम्हांस तेच व्यवहारज्ञान दिसते.

कोणी भाविक विचारील, देवाच्या हाती शिंग आणि कंडरा? आम्ही म्हणतो, शंख तरी कशाचा असतो? आणि मृदंगावरचे चामडे? देव्हाऱ्यात व कीर्तनात हे सारे चालते. मात्र मेल्या गुराचे कातडे व शिंग काढण्याचे काम ज्यांच्या माथी होते, त्यांना आपण पिढ्यानपिढ्या देवळाच्या पायरीशी थोपविले. आमच्या जिल्ह्यातील नरसीचे नामदेवराय मात्र मंगळवेढ्यास गेले, चोखोबांच्या अस्थी घेऊन आले आणि पंढरीच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे संप्रदाय सांगतो.

कोरियात शिंगाचे धनुष्य आजही हाताने घडते. तुर्कस्तानच्या पारंपरिक धनुर्विद्येस २०१९ साली युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले. आपल्याकडे बंदुकीपुढे ही विद्या मावळली. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर, खाकीबाबा मठाने सुरू केलेल्या दीडशेहून अधिक वर्षांच्या दसरा महोत्सवात रामाच्या हाती बेगड लावलेली वेळूची कांब दिसली, तर तिला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. अग्निपुराणाने धनुष्याची द्रव्ये लोह, शिंग व लाकूड अशी सांगितली, म्हशीच्या शिंगाचेही गुण गायिले. आणि तरीही सर्वांत श्रेष्ठ म्हटले ते शरदात तोडलेल्या वेळूच्या धनुष्याला. सध्या शरदच चालू आहे.