मोडलेला बाक आणि दिवसाचा दिवा

राजगडाच्या पाली दरवाजाने पायथ्याच्या पाली गावाचे नाव आजही धारण केले आहे. नावे अशी आपल्या उगमाची खूण जपतात. व्यापारी जगातील ‘बँकरप्ट’ हा इंग्रजी जोडशब्दही तसाच.

इटालियन भाषेत ‘बांका’ म्हणजे बाक आणि ‘रोत्ता’ म्हणजे मोडलेला. मध्ययुगीन इटलीतील सराफ बाजारात बाक मांडून नाणी बदलून देत. ज्याचे देणे थकले त्याचा बाक फोडून टाकत, अशी कथा सांगितली जाते. बाक खरोखर फोडत की ती केवळ बोलण्याची रीत होती, याविषयी मतभेद आहेत. सोळाव्या शतकात शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याच्या उत्तरार्धाने लॅटिन ‘रुप्तुस’चा पेहराव केला. ‘बँक’ हा शब्दही त्याच बाकाचा!

आपल्या ‘दिवाळे’ या शब्दात मात्र दिवा आहे. १८०८ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या ड्रमंड यांच्या गुजराती-मराठी व्याकरणविषयक ग्रंथात एक चाल नोंदली आहे. पेढी बुडू लागली की व्यापारी घरात वा दुकानात मोठा दिवा पेटवून ठेवी आणि हिशेब उघड होऊन किंवा उरल्या मालमत्तेची वाटणी होऊन धनकोंचे समाधान होईपर्यंत दूर राही. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. तरीही ज्या दिव्याच्या उजेडात वहीपूजन करायचे, त्याच दिव्याने पेढी बसल्याची कबुली द्यायची, ही कल्पना मनाला चटका लावून जाते.

‘दिवाळखोर’ या शब्दातील ‘खोर’ प्रत्यय अधिक निष्ठुर आहे. लाचखोर, भांडखोर यांच्याच पंगतीत तो आगीने किंवा बुडालेल्या उधारीने खचलेल्या सरळ माणसालाही बसवतो. इंग्लंडचा १५४२ चा कायदाही बँकरप्टला अपराधीच समजे. सारी मालमत्ता प्रामाणिकपणे उघड करणाऱ्यास ऋणमुक्ती देण्याची तरतूद तेथे १७०५ मध्ये आली. लबाडी करणाऱ्याला मात्र त्याच कायद्याने देहदंड सांगितला.

भारताच्या २०१६ च्या संहितेच्या नावात ‘बँकरप्सी’च्या आधी ‘इन्सॉल्व्हन्सी’ येते. तिच्यासाठी मराठीत ‘नादारी’ हा जुना शब्द आहे. ज्याच्यापाशी काही नाही, तो नादार. शाळेत फी माफ झाली की ‘नादारी मिळाली’ असे म्हणत, आणि जुन्या पिढीतील कित्येकांचे शिक्षण अशा नादारीवरच झाले.