क्ष-किरण यंत्रातील उच्च विद्युतदाब

क्ष-किरण विभागासाठी साहाय्य करणाऱ्या हितचिंतकांनी आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला: नलिका सुस्थितीत असताना केवळ जनरेटर बदलण्यावर एवढा खर्च कशासाठी? (येथे जनरेटर म्हणजे आवारातील डिझेलवर चालणारा नव्हे, तर नलिकेस उच्च दाबाची वीज पुरविणारा भाग.) प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर रुग्णाच्या शरीरात शोषल्या जाणाऱ्या किरणांशी निगडित आहे.

भिंतीतील वीज २३० व्होल्टची. छातीच्या चित्रासाठी नलिकेस सुमारे १,००,००० व्होल्ट लागतात. जुन्या पद्धतीत तेलात बुडविलेला अवजड ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झच्या विजेचाच दाब चढवीत असे. एकफेजी यंत्रात हा दाब सेकंदाला १०० वेळा शून्यावर येई. दाब उतरलेला असताना निघणारे दुबळे किरण फिल्मपर्यंत पोहोचतच नाहीत. ॲल्युमिनियमची गाळणी त्यांपैकी काही अडविते. उरलेले रुग्णाच्या अंगात जिरतात, चित्रास मात्र त्यांचा उपयोग शून्य.

नव्या रचनेत वीज प्रथम एकदिश करून इलेक्ट्रॉनिक स्विचांद्वारे सेकंदास हजारो वेळा खंडित केली जाते. वारंवारता वाढल्याने ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान पुरतो व दाब जवळजवळ स्थिर राहतो. परंतु येथेच अभियंत्यांची खरी कसोटी असते. दुय्यम बाजूच्या असंख्य वेढ्यांमध्ये नकळत धारकता निर्माण होते आणि ती प्राथमिक बाजूस वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गपटीने जाणवते; गुणोत्तर ४०० असल्यास १,६०,००० पट! तिच्याशी झगडण्यापेक्षा तिलाच अनुनादी मंडलाचा घटक करणे अधिक शहाणपणाचे ठरले आहे.

दुसरा उपाय म्हणजे चढाईची विभागणी. कॉकक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी १९३२ मध्ये केंब्रिज येथे अणुगर्भ फोडण्यासाठी धारित्रे व एकदिशकारकांची जी साखळी वापरली, तिच्यातून ट्रान्सफॉर्मरचा दाब पुढे पायरीपायरीने वाढविता येतो. मात्र पायऱ्या दुप्पट केल्यास भाराखाली होणारी दाबाची घट जवळजवळ आठपट होते. म्हणून त्या मोजक्याच ठेवतात.

१,००,००० व्होल्ट व १०० मिलिअँपिअर म्हणजे १० किलोवॉट. ग्रामीण भागातील क्षीण वाहिनीस हा भार एकाएकी पेलवत नाही. तथापि चित्र सेकंदाच्या दशांशात निघते व त्यास १,००० ज्यूलच लागतात. १०० वॉटचा दिवा एवढी ऊर्जा १० सेकंदांत वापरतो. ती बॅटरीत सहज साठविता येते. डिसेंबर २०२४ मध्ये देशात सुरू झालेल्या १०० दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत बॅटरीवरील, हाती धरता येणारी क्ष-किरण यंत्रे वापरली गेली. त्यांची शक्ती बेताची असल्याने स्थूल रुग्णाच्या कमरेच्या चित्रासाठी अद्याप विभागातील स्थिर यंत्रच लागते.