गाडीचा ए.सी. थंड करीत नाही? गॅस भरण्याआधी हे तपासा



गट-बैठकीत बेणे, खते आणि तोडणीच्या तारखांची चर्चा आटोपली, की अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो : "साहेब, मागल्या उन्हाळ्यात गाडीच्या ए.सी.त गॅस भरला, यंदा पुन्हा गरम हवा. दरवर्षी भरावाच लागतो का?" जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. लग्नसराई, दवाखाना, धुळ्या-जळगावची कामे याच दिवसांत येतात. गाडीत म्हातारी माणसे नि लहान लेकरे असतात. तेव्हा हा विषय निव्वळ चैनीचा राहिलेला नाही.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. ए.सी.चा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो खरा, पण एका वर्षात कमी झाला, तर कुठे तरी गळती आहे असेच समजावे. ठिबकची नळी फुटली तर आपण मोटार जास्त वेळ चालवीत नाही, नळी जोडतो. इथेही तेच करावयाचे.

ए.सी. चालतो कसा?

आपल्या कारखान्यातील व्हॅक्यूम पॅन आठवा. त्यात पाक शंभर अंशांच्या बऱ्याच खाली, साधारण ६५ अंशांच्या आसपास उकळतो, कारण आतील दाब कमी केलेला असतो. दाब कमी केला की उकळबिंदू उतरतो, दाब वाढविला की चढतो. ए.सी.चे सारे गणित एवढेच. आजच्या बहुतेक गाड्यांतील आर-१३४ए हा गॅस हवेच्या साध्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये तो कमी दाबाखाली उकळतो व त्यासाठी लागणारी उष्णता गाडीतील हवेतून ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये तो ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो. म्हणजे आतील उष्णता बाहेर नेऊन टाकणे, हेच ए.सी.चे काम.

लक्षणावरून दोष ओळखावा

१) जाळीतून हवाच कमी येते : केबिन फिल्टर काढून पाहावा. तो बहुधा डाव्या बाजूच्या खणामागे असतो. आपल्याकडील धूळ व कपाशीचे तंतू यांनी तो गच्च भरतो. हवा सुरुवातीला चांगली येऊन अर्ध्या तासाने कमी होत असेल व ए.सी. थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा सुधारत असेल, तर कॉइलवर बर्फ धरत आहे असे समजावे. फिल्टर साफ असूनही असे होत असल्यास सेन्सर तपासून घ्यावा.

२) गाडी पळताना थंड, उभी राहिली की गरम : कंडेन्सर मातीने भरला आहे किंवा त्याचा पंखा फिरत नाही. इंजिन बंद व गार असताना साध्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने कंडेन्सर धुवावा. जोराच्या प्रेशरने त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. ऊस तोडणी यंत्राच्या ए.सी. केबिनचा कंडेन्सर पाचटाने फार लवकर भरतो. यंत्रधारकांनी तो हंगामात रोज झाडावा.

३) हवा जोरात, पण थंडावा अजिबात नाही : ए.सी.चे बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच "टक्" करून बसतो का ते ऐकावे. (काही नव्या गाड्यांत असा क्लच नसतो.) बसत नसेल तर फ्यूज, रिले व पट्टा पाहावा. गॅस फार कमी झाला, तरी सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर चालू देत नाही.

४) थंडावा महिन्या-महिन्याने उतरत गेला : ही गळती. गॅससोबत तेलही बाहेर येते, म्हणून सांध्यांवर व कंडेन्सरवर तेलकट, धूळ चिकटलेले डाग शोधावेत.

गाडीखाली पाणी ठिबकणे हा दोष नव्हे, ती हवेतली ओल आहे. तेच पाणी आत पायाशी आले, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

मिस्त्रीला विचारावयाचे तीन प्रश्न

गळती कुठे सापडली? व्हॅक्यूम किती वेळ लावला? गॅस किती ग्रॅम भरला? निदान अर्धा तास व्हॅक्यूम लावून नळ्यांतील हवा व ओल काढली पाहिजे. ओल राहिली तर ती आत गोठून वाट अडवते व धातू खाते. गॅस कोणता व किती, हे बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते. तेवढाच वजन करून भरावा. जास्त भरल्यानेही थंडावा कमी होतो. सांधे मात्र घरी खोलू नयेत. आत मोठा दाब असतो आणि गॅस डोळ्यांत गेल्यास इजा होते.

जुन्या गाड्यांत आर-१२ गॅस असे. तो ओझोन थराला मारक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद झाला. आर-१३४ए ओझोनला मारक नाही, पण वातावरण तापविण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक जोरकस आहे. म्हणून गळती बुजविण्यात खिशाचे व हवेचे, दोहोंचे हित आहे.

उन्हात उभी गाडी सुरू करताना आधी दारे उघडून गरम हवा जाऊ द्यावी, मग ए.सी. लावून आतलीच हवा फिरविण्याचे बटण दाबावे. हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे ए.सी. चालवावा, त्याने तेल फिरते व सील सुकत नाहीत. आणि ए.सी. कितीही चांगला असो, बंद गाडीत लेकराला एकटे पाच मिनिटेही ठेवू नये.

सभासदांनी आधी फिल्टर, मग कंडेन्सर व पंखा, मग फ्यूज, नंतर गळती आणि सर्वांत शेवटी गॅस, हा क्रम पाळावा ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी