रुग्ण खेळाडू असेल तेव्हा

हनुमान जयंतीच्या आदल्या सायंकाळी छत्रपती संभाजीनगरहून निघालेले भाविक रात्रभर चालतात, दौलताबादचा घाट चढतात आणि पहाटे खुलताबादेस भद्रा मारुतीच्या दारी पोहोचतात. सुमारे २५ किलोमीटरची ही वाट अनेकजण अनवाणी चालतात. दुसऱ्या दिवशी त्यांतील काहींचे पाय आमच्यासमोर येतात. तळव्यांना फोड, पोटरीत गोळे, सुजलेला घोटा असे हे रुग्ण असतात आणि चार दिवसांत ते बरे होतात.

याच परिसरातील रस्त्यांवर वर्षभर पहाटे दुसरी मंडळी दिसतात. पोलीस भरतीसाठी मुले १६०० मीटर व मुली ८०० मीटर धावण्याचा सराव करतात. कोणी कबड्डी खेळतो, कोणी तालमीत जातो, कोणी जिल्हा वा राज्य स्पर्धेची तयारी करतो. नडगीचे दुखणे, मुरगळलेला पाय, धरलेली कंबर घेऊन तेही आपल्याकडे येतात. आपण जवळ आहोत आणि आपले शुल्क परवडते, ही दोन कारणे आहेतच. तिसरे कारण असे की, आयुर्वेदाच्या औषधाने अपाय होत नाही, अशी त्यांची व त्यांच्या पालकांची दृढ समजूत असते. प्रस्तुत लेख या तिसऱ्या कारणाविषयी आहे. त्याच समजुतीत राहून आम्ही स्वतः एका धावपटू मुलीचे एक वर्ष वाया घालविले. तो प्रमाद व्यवसायबंधूंसमोर मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

एका चिठ्ठीची हकीकत

मुलगी १९ वर्षांची, पाच हजार मीटर धावणारी. राज्यस्तरीय स्पर्धा दहा दिवसांवर आलेली. तक्रार साधी होती. अरुची, जेवणानंतर पोट फुगणे, मलप्रवृत्ती असमाधानकारक. जिभेवर साम लक्षणे स्पष्ट होती. अग्निमांद्य व वातानुलोमनाचा विचार करून आम्ही अग्नितुंडी वटी दोन वेळा भोजनोत्तर लिहून दिली. ती धावते हे आम्हांस ठाऊक होते. तिची शास्त्रीय तपासणी होऊ शकते, हा विचार मात्र मनाला शिवला नाही.

पाचव्या दिवशी तिच्या प्रशिक्षकांचा दूरध्वनी आला. “डॉक्टरसाहेब, या गोळीत काय काय असतं, तेवढं सांगाल का? स्पर्धेत पोरीची लघवी तपासली जाऊ शकते.” आम्ही पाठ डोळ्यांसमोर आणला. पारद, गंधक, वत्सनाभ, त्रिफळा, क्षार, लवणे, चित्रक, जीरक, विडंग आणि या सर्वांच्या बरोबरीने विषमुष्टि, म्हणजे कुचला. निम्मी गोळी कुचल्याची. मग जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे वाडाची, निषिद्ध द्रव्यांची सूची पाहिली. उत्तेजकांच्या गटात स्ट्रिक्निनचे नाव स्वच्छ लिहिलेले होते. कुचल्याचे प्रमुख अल्कलॉइड तेच.

गोळी तत्काळ बंद केली. परंतु शरीरातून तिचा अंश किती दिवसांत निःशेष जाईल, याची हमी आम्ही देऊ शकलो नाही. प्रशिक्षकांनी व मुलीने मिळून त्या वर्षी स्पर्धेत न उतरण्याचे ठरविले. तिने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. “पुढच्या वर्षी पळीन, डॉक्टर,” एवढेच म्हणाली. निदान बरोबर होते, योग शास्त्रोक्त होता, मात्राही योग्य होती. चूक एकच झाली. रुग्ण कोण आहे, हे आम्ही पुरते विचारले नाही.

कुचल्याचा क्रीडांगणावरील इतिहास

कुचला आणि क्रीडा यांचा संबंध जुना आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या टॉमस हिक्स यास धावता धावता स्ट्रिक्निन, अंड्याचा पांढरा बलक व ब्रँडी देण्यात आली होती. तेव्हा ते नियमबाह्य नव्हते. तो कसाबसा अंतिम रेषेपर्यंत पोहोचला आणि कोसळला. नंतरच्या काळात हेच द्रव्य निषिद्ध ठरले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये किर्गिझस्तानचा भारोत्तोलक इझ्झत आर्तिकोव्ह याच्या नमुन्यात स्ट्रिक्निन आढळले आणि ६९ किलो गटातील त्याचे कांस्यपदक काढून घेण्यात आले. विषतिंदुक वटी, नवजीवन रस, अग्नितुंडी वटी हे योग आपल्या कपाटात नित्य असतात. एकांगवीर रसातही कुचल्याची भावना आहे. कटिशूल, गृध्रसी, स्नायुदौर्बल्य या खेळाडूंच्याच तक्रारींवर आपण ते देतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

येथे नियम समजून घेतला पाहिजे. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याचा उत्तरदायी तो स्वतः असतो. औषध वैद्याने दिले, हेतू शुद्ध होता, हे पुढे शिक्षेच्या प्रमाणासाठी विचारात घेतले जाऊ शकते. परंतु नियमभंग झाला, ही नोंद त्याने पुसली जात नाही. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेला नरसिंग यादव याचे उदाहरण सर्वांना स्मरत असेल. २०१६ साली त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉईड आढळले. आपल्या आहारात ते कोणी मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. क्रीडा लवादाने ते स्वीकारले नाही आणि चार वर्षांची बंदी घातली. रिओतील आखाड्यात तो उतरू शकला नाही.

भारतात २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी अधिनियमाने या व्यवस्थेस वैधानिक पाया मिळाला आहे. तयारी करीत असलेल्या खेळाडूवर उपचार करणारा वैद्यकीय व्यावसायिकही या नियमांच्या कक्षेत येऊ शकतो. तेव्हा हा केवळ खेळाडूचा प्रश्न राहिलेला नाही.

आपल्या कपाटाकडे पाहताना

कुचल्याखेरीज आणखी काही द्रव्यांबाबत सावध राहावे लागते.

सोमलता, म्हणजे एफेड्राची जाती, श्वासरोगात वापरली जाते. तिच्यात इफेड्रिन आहे. मूत्रात इफेड्रिनचे प्रमाण दर मिलिलीटरला १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास स्पर्धेत ते निषिद्ध ठरते. बलेच्या ज्या जातीस वनस्पतिशास्त्रात सिडा कॉर्डिफोलिया म्हणतात, तिच्यातही इफेड्रिनवर्गीय अल्कलॉइड अल्प प्रमाणात असतात. सेवनार्थ तिचे चूर्ण वा घनसत्त्व देताना हे ध्यानी असावे.

भांग असलेले योग, उदाहरणार्थ जातिफलादि चूर्ण व त्रैलोक्यविजया वटी, स्पर्धाकाळात वर्ज्य समजावेत. भांगेचा अंश शरीरात कित्येक दिवस रेंगाळतो. अहिफेनयुक्त योगांतील मॉर्फिनही स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. कस्तुरीविषयी एक घटना सांगण्यासारखी आहे. २०११ साली जर्मनीत झालेल्या महिलांच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत उत्तर कोरियाच्या पाच खेळाडू स्टेरॉईडसाठी दोषी आढळल्या. विजेच्या आघातानंतर त्यांना कस्तुरीमृगाच्या ग्रंथीपासून केलेले पारंपरिक औषध दिले होते, असे संघाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. परंपरेचे नाव घेऊन सुटका झाली नाही. खेळाडूंवर बंदी आली.

अश्वगंधा, लाक्षा, गुग्गुळ, अस्थिशृंखला यांची नावे निषिद्ध सूचीत नाहीत. ही समाधानाची बाब आहे, परंतु तीवर विसंबून राहता येत नाही. सूचीत नाव नसणे आणि हाती आलेली पुडी निर्भेळ असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत प्रेडनिसोलोन वा डेक्सामेथासोन मिसळलेले असते, हे आपल्यापैकी कोणास नवीन नाही. अशी पुडी घेऊन दोन दिवसांत धावू लागलेला खेळाडू पाहिला की, आम्हांस आनंदाऐवजी धास्ती वाटते. तोंडावाटे घेतलेली ही स्टेरॉईड स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत.

दुखापतीत आपण काय देऊ शकतो

मग आपण खेळाडूस रिक्तहस्ते परत पाठवावयाचे काय? मुळीच नाही. सुश्रुताचार्यांनी भग्नाचे संधिमुक्त व कांडभग्न असे दोन भेद करून पहिल्याचे ६ व दुसऱ्याचे १२ प्रकार वर्णिले आहेत. पट्टबंध शीत ऋतूत ७ दिवसांनी, साधारण ऋतूत ५ दिवसांनी व उष्ण ऋतूत ३ दिवसांनी सोडावा, इतका बारीक विचार तेथे आहे. न्यग्रोधादि कषायाचा शीत परिषेक सांगितला आहे. ताज्या, सुजलेल्या, तापलेल्या घोट्यावर पहिल्याच दिवशी जोरकस मर्दन व स्वेदन करण्याची आपल्याकडील रीत या उपदेशाशी जुळत नाही. पहिले दोन-तीन दिवस शीतोपचार, योग्य आवळपट्टी, पाय उंच ठेवणे व भार कमी करणे हेच इष्ट. शोथ उतरल्यावर अभ्यंग, मृदु स्वेद व क्रमाने व्यायाम द्यावा. यांतील कोणत्याही उपचाराने तपासणीची भीती उत्पन्न होत नाही.

जानुमर्म हे वैकल्यकर मर्म आहे. त्याच्या आघाताने खंजत्व येते, असे संहिता सांगते. आष्टी तालुक्यातील मांडवा येथील शेतकरी कुटुंबातला अविनाश साबळे हा आपल्या मराठवाड्याचा अभिमान. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंद अशी वेळ देऊन त्याने रौप्यपदक मिळविले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या प्रकाराच्या अंतिम फेरीत धावणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत तो पडला. गुडघ्याचा पुढील स्वस्तिकाकार बंध तुटला, आतील चकतीसही इजा झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वर्षीच्या टोकियो जागतिक स्पर्धेस तो मुकला.

अशी दुखापत आपल्या गावातील कबड्डीपटूसही होते. ‘कट’ असा आवाज, काही तासांत भरून आलेला गुडघा आणि नंतर वळताना गुडघा सटकल्याची भावना, या तीन खुणा सांगितल्या गेल्या की, लेप लावून वेळ दवडू नये. अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवून एमआरआय करून घ्यावा. शस्त्रक्रियेनंतरचे बल्य व पुनर्वसनाचे काम आपल्याकडे येतेच आणि तेथे धीर धरावयास शिकविणे हेच मुख्य औषध ठरते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे व अमेरिकेतील संयुक्त अभ्यासात असे आढळले की, या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतणे नऊ महिन्यांपर्यंत दर एका महिन्याने लांबविले, तर पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण प्रत्येक महिन्यामागे सुमारे ५१ टक्क्यांनी घटते. संधी स्थिर होण्यास तरुणपणी एक मास, मध्यम वयात दोन व उत्तर वयात तीन मास लागतात, असा भग्नाविषयी सुश्रुतांचा निर्देश आहे. बंध तुटण्याची व्याधी निराळी आणि तिचा काळ अधिक, परंतु काळास औषधाइतके स्थान देण्याची दृष्टी एकच आहे. आपल्याकडे येणारा खेळाडू नेमका हा काळ कापून मागत असतो. ‘आठ दिवसांत उभे करा’ या आग्रहास बळी पडूनच निषिद्ध वा भेसळयुक्त औषध चिठ्ठीत येते.

व्यायाम बलार्धापर्यंतच करावा, ही शास्त्राची आज्ञा आपण सर्वांस सांगतो. स्पर्धेचा खेळाडू ती रोज ओलांडतो. अतिव्यायामाने श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर, छर्दी संभवतात, असे चरकाचार्य सांगतात. त्यांतील श्रम, तृष्णा व क्षय आम्ही भरतीच्या मुलांत दर उन्हाळ्यात पाहतो. झोप, पाणी, पुरेसे अन्न व सरावाची क्रमवृद्धी यांवर दिलेली दहा मिनिटे अनेकदा गोळीहून अधिक गुण देतात.

औषधी विक्रेत्या बंधूंस

खेळाडू प्रत्येक वेळी चिठ्ठी घेऊन येत नाही. तो थेट आपल्या दुकानात येऊन ‘ताकदीचे’ अथवा ‘कंबरेचे’ औषध मागतो. विषमुष्टि, भांग व अहिफेन ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये आहेत. अशी द्रव्ये असलेल्या सेवनार्थ औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असावी लागते. ती सूचना आपण स्वतः वाचावी आणि ग्राहकास दाखवावी. घटकद्रव्यांची पूर्ण यादी नसलेले बलवर्धक खेळाडूस विकू नये. विकलेल्या औषधाच्या देयकावर उत्पादन क्रमांक लिहावा. पुढे शंका आलीच तर तोच पुरावा उपयोगी पडतो.

आम्ही आमच्या रुग्णपत्रिकेवर आता वय व व्यवसाय यांच्या खाली एक ओळ वाढविली आहे : ‘स्पर्धेत भाग घेता काय? पुढील स्पर्धा केव्हा?’ उत्तर होकारार्थी असल्यास चिठ्ठीवर प्रत्येक योगाची घटकद्रव्ये लिहून देतो, दर १ जानेवारीपासून लागू होणारी नवी निषिद्ध सूची पाहतो आणि शंका असलेला योग टाळतो. अग्निमांद्यासाठी हिंग्वष्टक आहे, आर्द्रक-सैंधव आहे, लंघन आहे. पर्यायांची आपल्या शास्त्रात उणीव नाही.

त्या मुलीसही आम्ही हिंग्वष्टकच द्यावयास हवे होते. ती पुढील वर्षी धावली. स्पर्धेपूर्वी सर्दीसाठी आली, तेव्हा चिठ्ठी हाती घेऊन तिने प्रथम विचारले, “डॉक्टर, यात काय काय आहे?” हा प्रश्न रुग्णाने विचारण्यापूर्वी आपण स्वतःस विचारावा, एवढीच आमच्या व्यवसायबंधूंस नम्र विनंती आहे.